रंगाची गॅरंटी नाही

वऱ्हाडी माणसाला समुद्राचं वावडं नाही. समुद्रालाच वऱ्हाडचं वावडं असावं. अकोल्याहून निघालेली गाडी 580 च्या आसपास किलोमीटर तोडते तेव्हा कुठं मुंबई येते, आणि तिथंही समुद्र दिसतो तो इमारतींनी मेहरबानी करून फट ठेवली असेल तरच. त्यामुळं समुद्राविषयी आमच्या मनात श्रीमंत आणि लांबच्या नातेवाईकाविषयी असतो तसा आदर असतो. कोकणातला माणूस समुद्राकडं पाठ करून निवांत सुपारी कातरतो. आमचा माणूस पहिल्यांदा चौपाटीवर उभा राहिला की चपला हातात घेतो, क्षितिजापर्यंत एकदा पाहतो आणि हळहळतो, "एवढं पाणी, अन् कपाशीच्या काही कामाचं नाही!"

खारट पाणी मात्र आमच्याकडंही आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूरकडच्या एखाद्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर जुहूला आल्यासारखं वाटतं. म्हणजे समुद्र नाही, पण खारेपणा आहे. उत्पन्न शून्य आणि आयकर पूर्ण, अशातला हा प्रकार.

अशा या मुलखात, अकोल्याच्या जठारपेठेत, दिवाणखान्यात समुद्र बाळगणारा एक माणूस आहे आणि तो माझा सख्खा साडू आहे. आमच्या सौ.च्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीसेक वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. सगळं अकोला त्यांना 'सर' म्हणतं, आम्ही घरातले भाऊसाहेब म्हणतो आणि ते मला 'कॅशियर' म्हणतात. मी कॅशियर नाही, क्लार्क आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर लाल आणि किरमिजी यांतला फरक शिकवला, त्याला क्लार्क आणि कॅशियर यांतला फरक शिकवायला मी कोण?

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनी मंडळात जातात, किंवा आमच्या बँकेत येऊन पासबुक भरून घेतात. भाऊसाहेबांनी यांतलं काही केलं नाही. त्यांनी तीन फुटांची काचपेटी आणली, तिच्यात 200 लिटर पाणी भरलं आणि पुण्याच्या एका शौकिनाकडून बोटभर दगडावर चिकटलेली चार-पाच प्रवाळं मागवली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती भिजलेल्या पापडासारखी वाटली. इंग्रजीत त्यांना 'मशरूम' म्हणतात. खऱ्या दगडी पोवळ्याचे हे बिनहाडाचे चुलतभाऊ. अंगात सांगाडा नाही, खडकाला चिकटून बसायचं आणि उजेड खायचा. आमच्या कार्यालयात या वर्णनात बसणारे दोघेजण आहेत, पण त्यांना रंग नाही.

"पाणी कुठलं?" मी विचारलं. "दर्यापूरहून टँकर आणला का?"

"कॅशियर," भाऊसाहेब म्हणाले, "खारं म्हंजे समुद्र नव्हे. गणिताचा पेपर अन् चित्रकलेचा पेपर दोन्ही कागदच असतात ना?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आधी नळाचं पाणी गाळून पार निर्मळ करायचं, मग त्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबानं विकतचं सागरी मीठ घालायचं. त्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची मंडळी समुद्रातल्या प्रमाणातच हजर लागतात. पेटीतलं पाणी उडून गेलं तर वरून साधं पाणी घालायचं, खारं नव्हे. कारण पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. हे मला लगेच पटलं. कर्जाच्या खात्यातही माणूस उडून जातो आणि व्याज जागेवर राहतं.

पाण्यापर्यंत माझी काही तक्रार नव्हती. खरं प्रकरण सुरू झालं ते रंगापासून.

फोटोत हे मशरूम नुसते पेटलेले होते. निळे, जांभळे, एक तर असा हिरवा की वाहतूक पोलिसानं पाहिला असता तर गाड्या सोडल्या असत्या. घरी आल्यावर पांढऱ्या दिव्याखाली बघतो तर तोच हिरवा कोथिंबिरीच्या जुन्या जुडीसारखा. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, एका वाक्यात निकाल दिला : "दुकानातल्या दिव्याखाली साडी घेतली की असंच होते. दारात नेऊन पाहा लागते."

बायका साडी दारात नेऊन का बघतात याचं शास्त्रीय उत्तर मला त्या दिवशी मिळालं. समुद्रात खाली जावं तसा पाणी आधी तांबडा उजेड गिळतं. खोलवर पोचतो तो मुख्यतः निळा. प्रवाळांच्या मांसात अशी काही प्रथिनं असतात की ती निळा उजेड घेतात आणि हिरवा किंवा लाल परत देतात. विकणारे लोक म्हणूनच निळ्या दिव्याखाली फोटो काढतात. फसवणूक नाही, त्या दिव्याखाली तो रंग खराच असतो. फक्त आपण घरी तो दिवा लावून जेवायला बसत नाही.

या रंगीत प्रथिनांचीही एक कथा आहे आणि ती समजल्यापासून भाऊसाहेबांच्या पेटीकडं मी जरा अदबीनं बघतो. जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाबद्दल 2008 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण लाल प्रथिन हवं होतं. ते 1999 साली रशियन शास्त्रज्ञांनी शोधलं, आणि तेही कुठल्या महासागराच्या तळाशी नव्हे, तर मॉस्कोत, काचपेटीत वाढवलेल्या प्रवाळांत. त्यातलं लाल निघालं ते अशाच एका मशरूममधून. मॉस्कोलाही समुद्र नाही. मी हे सांगितल्यावर भाऊसाहेबांनी एकदम छाती काढली. "म्हंजे अकोल्यालाही चान्स हाये!"

रंगाचा दुसरा भाग मात्र प्रथिनांचा नाही, भाडेकरूंचा आहे. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी तपकिरी शेवाळं राहतात. मालक जागा देतो. भाडेकरू दिवसभर उजेडात स्वयंपाक करतात आणि केलेल्यातला बराचसा मालकाला भाडं म्हणून देतात. मालकाचं घर मुख्यतः या भाड्यावर चालतं. असे भाडेकरू अमरावतीत मिळत नाहीत. पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं, म्हणजे माशांना खाऊ घालण्यात यजमानानं सढळपणा केला, की या भाडेकरूंची वस्ती भराभर वाढते. घरात माणसं फार झाली की भिंतीचा मूळ रंग राहतो का? निळं मशरूम मग तपकिरी दिसायला लागतं.

2022 च्या पावसाळ्यात नेमकं हेच झालं. आम्ही अकोल्याला गेलो होतो. घरात एका मशरूमच्या रंगावरून महाभारत चाललेलं. शेजारचा मुलगा म्हणाला ब्राऊन. आमच्या सौ. म्हणाल्या आमसुली. ताई म्हणाल्या, "कुठली आमसुली? विटकरी हाये." मी खाकी म्हणालो, पण बँकेतल्या माणसाचं रंगाविषयीचं मत कुणी विचारात घेत नाही. भाऊसाहेबांनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी वही काढली.

ही वही म्हणजे या घरातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज. दर रविवारी सकाळी नऊ वाजता, पांढरा दिवा लावून, काचेला वही टेकवून, भाऊसाहेब प्रत्येक मशरूमचा रंग जलरंगात कालवतात आणि एक इंची चौकोनात भरतात. खाली तारीख आणि प्रमाण : अल्ट्रामरीन तीन थेंब, हिरवा एक, असं. मी पानं उलटली. एप्रिलपर्यंत स्वच्छ निळे चौकोन. जूनपासून प्रमाणात एक नवीन नाव शिरलेलं : बर्न्ट अंबर, अर्धा थेंब. मग एक. मग दीड. आमच्याकडं थकीत कर्जाचं खातं असंच दिसतं. आधी एक हप्ता, मग दोन.

माशांचं जेवण अर्ध्यावर आलं, दर आठवड्याला पाणी बदलणं सुरू झालं. दिवाळीपर्यंत बर्न्ट अंबर वहीतून हद्दपार झाला. माशांनी उपास केले आणि पुण्य मशरूमला लागलं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग खरं लाल पोवळं का नाही पाळलं, अंगठीतलं? तर तोही खुलासा करतो. सोनार मंगळासाठी देतात ते पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं, आणि त्याचा लाल रंग सांगाड्यातच असतो. म्हणून मेल्यावरही तो टिकतो आणि पत्रिकेतला मंगळ त्याला वचकून राहतो. रीफ बांधणाऱ्या दगडी पोवळ्याचं तसं नाही. त्याचा रंग मांसात. आतला सांगाडा बहुधा पांढराफटक. आणि असलं दगडी पोवळं आपल्या समुद्रातून काढून घरी आणलं तर सरळ गुन्हा. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून त्याचं नाव आहे. त्याच अनुसूचीत आमच्या मेळघाटातला वाघ आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं दिवाणखान्यात दगडी पोवळं ठेवणं आणि वाघ ठेवणं एकाच पंक्तीला. मी कागदपत्रांचा माणूस. भाऊसाहेबांकडं जे आहे ते बिनहाडाचंच आहे ना, हे मी आधी नीट विचारून घेतलं आणि मगच त्यांच्याकडं चहा प्यायलो.

महाराष्ट्राकडं स्वतःचं पोवळं आहे हेही मला या निमित्तानं कळलं. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथं प्रवाळ आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. हे नाव मी कार्यालयात मुद्दाम सांगितलेलं नाही. आमच्या वरिष्ठांच्या कानावर 'बँक' एवढाच शब्द गेला तर पुढच्या यादीत माझी तिथं बदली होईल. बदल्या तर पोवळ्यांच्याही झाल्या आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम निघालं तेव्हा 2020 साली हाजी अली आणि वरळीजवळच्या 18 वसाहती उचलून कुलाब्याकडं नेऊन बसवल्या. बदलीभत्ता मिळाला की नाही याचा उल्लेख कुठं सापडला नाही.

2023 च्या हिवाळ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज पडलेला. "कॅशियर, पुन्हा मातकट झालं. सगळंच. निळा तर निळा राहिलाच नाही."

आम्ही रविवारी गेलो. मी पेटीत पाहिलं. मला सगळं पहिल्यासारखंच वाटलं, पण माझं मत कोण विचारतो? पाण्याची तपासणी झाली. त्या तपासणीतही नळीत थेंब टाकून आलेला रंग तक्त्यावरच्या रंगाशी जुळवायचा असतो, म्हणजे रंगाच्या खटल्यात साक्षीदारही रंगच. शेजारच्या मुलानं जुळवलं : सगळं ठीक. भाऊसाहेब ऐकेनात. "माणसं खोटं सांगून राहिली मले," ते ताईंना म्हणाले, "म्हाताऱ्याचं मन राखाले." घरातली पांढरी भिंतसुद्धा पेंटरनं पिवळट मारली म्हणून त्याचे अडीच हजार त्यांनी दोन महिने अडकवून ठेवलेले होते.

करमत नव्हतं म्हणून मी वही चाळायला घेतली. रंगातलं मला कळत नाही, पण आकडे माझे. गेल्या दिवाळीचा चौकोन : अल्ट्रामरीन तीन, हिरवा एक. कालपरवाचा चौकोन : अल्ट्रामरीन तीन, हिरवा एक. बर्न्ट अंबर कुठंच नाही. म्हणजे तोंडानं मातकट आणि वहीत निळा!

मी बी.कॉम. आहे. दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम वाढली तर शिल्लक बदलत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. ज्या डोळ्यांना मशरूम पिवळं दिसतं त्याच डोळ्यांना बशीतला रंगही पिवळा दिसणार. जुळवाजुळव बरोबरच येणार. तेव्हा मशरूम बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते बघण्याचं भिंग.

हे त्यांना सांगायचं कसं? चित्रकलेच्या सरांना तुमचे डोळे बिघडले म्हणणं म्हणजे गवयाला कान बिघडले म्हणणं. मी काही बोललो नाही. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि दोन चौकोनांच्या खालचे आकडे फक्त वाचून दाखवले. भाऊसाहेबांनी बराच वेळ वहीकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग भिंतीकडं.

"मोतीबिंदू," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर दोन वर्षं झाली सांगून राहिला."

"मंग केलं काहून नाही?" ताई उसळल्या.

"भेव वाटते ना बावा. गेलं काही चुकून, तर मी काय करू? मले दुसरं काय येते?"

दिवाणखान्यात नुसता पंपाचा बुडबुड आवाज राहिला. विनोदी लेखकानं अशा वेळी काय बोलावं हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी चहा मागितला.

डिसेंबरात उजव्या डोळ्याचं झालं. नैसर्गिक भिंग वयानुसार पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवून धरतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की वर्षानुवर्षं अडलेला निळा एकदम आत येतो. पट्टी निघाल्यावर भाऊसाहेब पेटीसमोर जाऊन बसले. डावा डोळा झाकायचे, उजवा झाकायचे. "या डोळ्यानं मातकट. या डोळ्यानं... अरे बाप रे." शाळेतल्या पोरासारखं अर्धा तास हेच चाललं. मग भिंतीकडं पाहिलं. भिंत पांढरीशुभ्र. पेंटरला त्याच संध्याकाळी बोलावून अडीच हजार दिले, वर बासुंदी दिली. मग ताईंकडं पाहिलं आणि चमकले.

"तुहे केस कधी पांढरे झाले?"

"चार वर्षं झाली," ताई म्हणाल्या. "बरं होतं तुमचं मोतीबिंदू."

आणि मग आला 2024 चा मे. अकोल्याचा मे म्हणजे काय हे इतरांना सांगून समजत नाही. पारा 45 च्या वर गेला आणि महिन्याच्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळं कलम 144 लावलं. दंग्यासाठी जमावबंदी सगळीकडं होते. सूर्याविरुद्ध जमावबंदी हा मान आमच्या अकोल्याचा. त्यातच एका रात्री गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला आणि पहाटेपर्यंत वीज नाही. पेटीचं पाणी 31 वर. भाऊसाहेब आणि ताई रात्रभर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पेटीत सोडत आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. माणसांना वारा घालायला कुणी नव्हतं.

उन्हात भाडेकरूंचा स्वयंपाक बिघडतो, त्यांच्याकडून विखार सुटायला लागतो आणि मालक त्यांना घराबाहेर काढतो. ज्याच्या भाड्यावर चूल पेटते त्यालाच हाकलायचं, आणि मग उपाशी बसायचं. याला रंग उडणं म्हणतात. आठवड्याभरात निळं मशरूम दुधात पाणी घातल्यासारखं झालं. त्याच दिवसांत लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडत होती, आणि जगभर चौथ्यांदा असं घडत असल्याचं अमेरिकेच्या सागरी संस्थेनं एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं. तिथं तर समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की पुरतं. एवढ्या मोठ्या समुद्रात बाटल्या कुणी आणि किती सोडायच्या?

त्या रविवारी मी तिथं होतो. भाऊसाहेबांनी वही काचेला टेकवली, ब्रश ओला केला, बराच वेळ पाहिलं, आणि चौकोन रिकामाच ठेवून खाली तारीख लिहिली. पुढच्या रविवारीही तसंच. असे सात कोरे चौकोन त्या वहीत आहेत. सातही तारखांखाली सही आहे.

पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नसतं. पाणी वेळेवर थंड झालं आणि कुणी धीर धरला, तर भाडेकरू परत येतात. भाऊसाहेबांनी दिवे मंद ठेवले, ऑगस्टात डावा डोळाही करून घेतला, आणि दोन नव्या डोळ्यांनी दर रविवारी पेटीसमोर बसत राहिले. आठव्या चौकोनात अर्धा थेंब पडला. दिवाळीपर्यंत रंग भरला, पण पहिल्यासारखा नाही; थोडा जांभळ्याकडं झुकलेला. अल्ट्रामरीन दोन, जांभळा दोन. या रंगाला काय म्हणायचं ते त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी चौकोनाखाली लिहिलं : 'हिच्या पैठणीच्या काठाचा'.

ताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि सांगितलं, की ती पैठणी नाही, पोचमपल्ली आहे, आणि काठ नाही, पदर आहे. भाऊसाहेबांनी निमूटपणे दोन्ही शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहिले आणि वही माझ्याकडं सरकवली. खाडाखोडीवर दुसरी सही लागते. मी केली.